एका वेळी एक खूण

बातमी आली तेव्हा मी जुन्नरच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला उभी होते. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत होते, रंग बदलायला आला होता. शिपाई दारात येऊन सरांशी काही बोलला आणि सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जिथे खोली घेऊन राहते तिथल्या मालकीणबाईंच्या फोनवर निरोप आला होता. अवसरीचे कंपाउंडर वारले, सकाळी दवाखान्यातच, स्टुलावर बसल्या बसल्या. सर म्हणाले, "जा तू." मी मान हलवली. मग रंग बदलेपर्यंत थांबले, रीडिंग जर्नलमध्ये लिहिलं, ब्युरेट धुऊन ठेवली आणि मग निघाले. असं का केलं ते मला अजून सांगता येत नाही. जर्नलच्या कव्हरमध्ये शंभराची एक नोट घडी करून ठेवलेली होती. ऑगस्टची. रविवारी गावी जाऊन ती त्यांना द्यायची होती...

मला असं काही लिहायची सवय नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि माझं लिहिणं म्हणजे जर्नल आणि परीक्षेची उत्तरं. पण या माणसाबद्दल गावात काही चुकीचं बोललं गेलं, आणि ते बोललं जात असताना मी तिथे बसून होते. म्हणून लिहिते आहे.

सुदामकाका आमचे नातेवाईक नव्हते. अवसरी बुद्रुकला आमच्या वस्तीत आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. मंचरच्या एका जुन्या डॉक्टरांकडे ते तीस वर्षं कंपाउंडर होते. सकाळी आठला सायकल काढायचे, अंगात पांढरा हाफ शर्ट, आणि खिशापाशी खोकल्याच्या गुलाबी औषधाचा एक डाग, जो जनाकाकूंना कधीच काढता आला नाही. वस्तीत कुणाला ताप आला की आधी काका, मग डॉक्टर. "माझं काय ऐकतो गं, डॉक्टरकडं जा की," असं म्हणत म्हणतच ते डोळ्याची पापणी खाली ओढून बघायचे.

ते औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायचे. आता ही पद्धत राहिलेली नाही, पण त्यांच्या डॉक्टरांनी ती बरीच वर्षं सोडली नव्हती. कागदाची एक अरुंद पट्टी घ्यायची, घड्यांवर घड्या घालायच्या, कात्रीने कडेचा कोपरा उडवायचा आणि उलगडायची. पट्टीच्या काठाला सारख्या अंतरावर खाचा तयार. ती डिंकाने बाटलीला चिकटवली की एक खूण म्हणजे एक डोस. मी पाचवीत असताना तापाला कंटाळून अर्धी बाटली एकदम प्यायले होते. काका आले, उजेडात बाटली धरून बघितली आणि आईला म्हणाले, "घाबरू नका, काय व्हत न्हाई." मग माझ्याकडे वळले. "एकदम पिऊन दोन दिसांचा ताप एका दिसात जात न्हाई, बाय. बाटली तेवढी रिकामी व्हती. एका येळी एक खूण."

त्यांच्या घरातही अशी एक बाटली होती. लहानपणी मला वाटायचं ते कुणाचं तरी औषध असावं. नव्वदच्या पुढची ती वर्षं. काकांचा एक मित्र जीप चालवायचा. त्याने पतसंस्थेतून जीपसाठी कर्ज काढलं आणि काका जामीन राहिले. मित्राने वर्षभरात जीप विकली आणि सुरतेला निघून गेला, तो परत आला नाही. कर्ज जामीनदाराच्या गळ्यात पडलं. आमच्याकडे हे फार जणांचं झालं आहे. जामिनाची सही म्हणजे चहा पिण्याइतकी साधी गोष्ट, नाही म्हणायला लाज वाटते. काकांनी पाच वर्षं दर महिन्याच्या दहा तारखेला तो हप्ता भरला. मोठ्या बाटलीवर साठ खाचांची पट्टी चिकटवून, दर महिन्याला एका खाचेवर निळी रेघ मारून.

त्या पाच वर्षांत काकूंच्या अंगावर दोनच लुगडी आलटून पालटून दिसायची. आणि त्यांची मुलगी, मंदाताई, दहावीला वस्तीत सगळ्यांत जास्त मार्क मिळवून घरी बसली. अकरावीचा फॉर्म आणलेला होता, तो भरला गेला नाही. दोन वर्षांनी तिचं येडगावला लग्न झालं. ती कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही. माझी जुनी पुस्तकं मात्र ती माहेरी आली की चाळत बसायची.

कर्ज फिटलं त्या दिवशी मी त्यांच्या घरी होते, सहावीत असेन. काकांनी मंचरहून जिलेबी आणली होती. काकूंनी जिलेबीला हात लावायच्या आधी त्यांना समोर बसवलं.

"माझ्या डोक्यावर हात ठिवा."

"आता पोरांसमोर काय हे..."

"ठिवा. आन म्हना, दुसऱ्या कुणासाठी सही करनार न्हाई."

काकांनी हात ठेवला आणि म्हणाले, "दुसऱ्या कुणासाठी सही करनार न्हाई." मग माझ्याकडे बघून, "ऐकलंस ना? साक्षीदार ऱ्हा. न्हायतर काकू उद्या म्हनंल, म्हनलाच न्हाई." सगळे हसलो. काकूंनी बाटलीवरची पट्टी गरम पाण्याने खरवडून काढली आणि बाटली गोडेतेलाला घेतली.

बारावीला मला चांगले मार्क पडले. वडील मंचरच्या मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांनी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं की आता बास. रागाने नाही, अगदी हळू आवाजात. जुन्नरला खोलीचं डिपॉझिट, फी, पुस्तकं, मेस... आकडा आम्ही दोघांनी मिळून काढला होता, तो त्यांनी पुन्हा काढला नाही. मी काकांना पेढा द्यायला दवाखान्यात गेले. ते खल धुऊन पालथा घालत होते. "सायन्सच का?" एवढंच विचारलं. मी काय बोलले ते आठवत नाही. आठवड्याने त्यांनी बोलावून इंजेक्शनचा एक रिकामा खोका माझ्या हातात दिला. आत आठ हजार रुपये होते.

"साठवलेलं हायती," ते म्हणाले. "तुझ्या बापाला सांगू नको, त्याला झोप यायची न्हाई. स्कॉलरशिप म्हन. काकूला तर अजाबात नको. आन फुकट न्हाईत बरं का. म्हयन्याला शंभर आनायचे. स्वता यायचं, कुनाच्या हाती धाडायचे न्हाईत."

मी रडायला लागले तर म्हणाले, "पेशंट बसलेत बाहेर. त्यांना वाटंल मी सुई टोचली."

जुन्नरला मी शिकवण्या धरल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी एसटीने नारायणगाव, तिथून मंचर. दवाखाना रविवारी दुपारी रिकामा असायचा. मी नोट द्यायची, ते ती न मोजता खिशात घालायचे, एकच तर नोट, मोजायची काय. मग शेजारच्या सायकल दुकानातल्या सोपानभाऊंना हाक मारून चहा मागवायचे. कॉलेजात काय शिकवलं ते सांगावं लागे. एकदा मी आम्ल आणि अल्कली समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे डॉक्टरांच्या पोटदुखीच्या पांढऱ्या औषधात हेच हाय व्हय? तीस वरसं ढवळतोय आन आज कळतंय." दुसऱ्या वर्षी मला खरोखरच स्कॉलरशिप मिळाली, बाराशे रुपये. मी सगळे नेऊन त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी त्यातली एक नोट उचलली आणि बाकीच्या परत केल्या.

"काका, फिटतील ना लवकर."

"लवकर फिटून काय करायचंय? एका येळी एक खूण. पुढच्या म्हयन्याला ये."

मला तेव्हा वाटलं, म्हातारा माणूस आहे, सवयीचा पक्का. मनातून थोडा रागही आला. दर महिन्याला एसटीचं भाडं माझंच जात होतं.

आता एक गोष्ट लिहायची आहे, ती लिहायला मला जड जातं आहे. दुसऱ्या वर्षी डिसेंबर आणि जानेवारी, दोन महिने मी गेले नाही. गॅदरिंग होतं. खोलीतल्या मुलींनी नवे ड्रेस शिवले, मीही शिवला. काकांचे दोनशे रुपये त्या ड्रेसला गेले. फेब्रुवारीत खाली मान घालून गेले, शंभर दिले. काकांनी काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही. चहा आला.

शेवटची भेट जुलैतली. तेव्हा त्यांनी छातीत जळजळतं असं म्हटलं होतं, आणि स्वतःच पांढरं औषध ओतून घेतलं होतं. मी हसले होते. "बघा, अल्कली," असं काहीतरी म्हणाले होते...

काका गेल्यावर पाचव्या दिवशी जलदान विधी होता, त्याला वस्ती सगळी आली होती. वंदना झाली, गोड-तिखट झालं, माणसं पांगायला लागली. मी माझ्या वडिलांजवळ भिंतीला टेकून बसले होते. काकू, मंदाताई, आणि काकांचे धाकटे भाऊ किसनतात्या मध्ये बसलेले. सोपानभाऊ बराच वेळ टोपी हातात फिरवत होते. शेवटी पुढे सरकून म्हणाले,

"वयनी, आज बोलू नये, पन उद्या दहा तारीख हाय. त्या हप्त्याचं कसं करायचं?"

काकू म्हणाल्या, "कसला हप्ता?"

सोपानभाऊंचा चेहरा उतरला. "पतसंस्थेचा. म्हयन्याला दोनशे ऐंशी. दोन वरसांमागं जूनात आठ हजार काढलं व्हतं की त्यांनी. मी जामीन हाय. म्हनले, घराचं काम काढायचंय..."

घराला गेल्या दहा वर्षांत चुना लागलेला नव्हता. सगळ्यांच्या नजरा भिंतींवरून फिरल्या. कोपऱ्यात काकांची पिशवी होती, दवाखान्यातून डॉक्टरांनी पाठवलेली, अजून कुणी उघडलेली नव्हती. किसनतात्यांनी ती ओढली. एक शर्ट, चष्म्याचं घर, कात्री, पतसंस्थेचं पुस्तक. आणि सगळ्यात खाली एक मोठी काचेची बाटली. रिकामी. वरपासून खालपर्यंत खाचांची पट्टी चिकटवलेली, निम्म्याहून जास्त खाचांवर निळ्या रेघा मारलेल्या.

काकूंनी बाटली पाहिली आणि त्यांना कुणी काही सांगायची गरज राहिली नाही. त्या रडल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या डोक्यावर ठेवले आणि तशाच बसून राहिल्या.

"लॉटरी असंल," किसनतात्या म्हणाले. "मंचरच्या स्टँडवर ती दुकानं झालीत ना, चांगली चांगली माणसं बसत्यात तिथं."

"दादा तसला न्हवता," मंदाताई म्हणाली. वडिलांना ती दादा म्हणायची.

"तसला न्हवता तर पैसं कुठं गेलं? भिंतींनी खाल्लं का?"

पैसे माझ्या अंगावर होते. माझ्या पायात, माझ्या पिशवीतल्या जर्नलमध्ये. आठ हजार आणि जून महिना ऐकल्यावरच मला कळलं होतं. साठवलेले आहेत असं ते म्हणाले होते. मी ते खरं मानलं होतं. दर महिन्याला माझे शंभर घेऊन ते त्यात स्वतःचे एकशे ऐंशी घालत होते आणि दहा तारखेला जाऊन भरत होते, आणि मला एसटीच्या भाड्याचा राग येत होता. मी तोंड उघडलं. शेजारी वडील होते. ते किसनतात्यांच्या बोलण्यावर हळूच म्हणाले, "कुणाचा काय नेम..." आणि माझं तोंड पुन्हा मिटलं.

दुपारच्या एसटीने मी जुन्नरला परत आले. काहीही न बोलता. वर्गात बसले, शिकवण्या घेतल्या, जेवले. लोक म्हणतात धक्क्याने माणूस रडतं. मला रडू आलं नाही. फक्त काही उचललं की हातातून पडायचं. त्या आठवड्यात मी दोन परीक्षानळ्या फोडल्या.

अकरा दिवसांनी मी पुन्हा अवसरीला गेले आणि आपल्या घरी न जाता काकूंकडे गेले. त्या एकट्याच होत्या, लसूण सोलत होत्या. बाटली खिडकीत ठेवलेली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, पाठ केलेलं उत्तर सांगतात तसं. काकू लसूण सोलत राहिल्या. मग म्हणाल्या,

"म्हयन्याला किती द्यायचीस?"

"शंभर."

"कुठं?"

"दवाखान्यात. रविवारी."

"मंग त्यो काय करायचा?"

"चहा मागवायचे."

"मला म्हनायचा, चा सोडलाय. पित्त व्हतं." त्यांनी पुढची पाकळी हातात घेतली. "डोक्यावर हात ठिवून बोलला व्हता. तू व्हतीस तवा."

"हो."

"काय म्हनला व्हता?"

मी सांगितलं. दुसऱ्या कुणासाठी सही करणार नाही.

काकूंनी लसणाची परात बाजूला सारली. "केली का दुसऱ्यासाठी? सोताच्याच नावानं काढलं कर्ज. लई हुशार." त्यांना हसू आलं, आणि ते हसू तोंडावर तसंच असताना त्या रडायला लागल्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच, असं त्या नंतर म्हणाल्या. रडता रडता एकच नाव घेत होत्या, मंदे, मंदे... मी खाली बसले. माझ्यासाठी भरलेला फॉर्म कुणाचा होता ते मला तेव्हा कळलं.

नंतर त्यांनी बाटली खिडकीतून काढून माझ्या हातात दिली. काकूंना अक्षर येत नाही. "ह्या दोन खुणांपाशी बारीक काय लिवलंय गं? किसनला दावलं, त्याला दिसत न्हाई."

मी बाटली दाराच्या उजेडात धरली, ते धरायचे तशी. छत्तीस खाचा, पंचवीस रेघा. दुसऱ्या वर्षातल्या डिसेंबर आणि जानेवारीच्या रेघांपुढे, औषधाच्या चिठ्ठीवर लिहायचे त्याच बारीक अक्षरात, दोन्हीकडे एकच शब्द होता.

"परीक्षा," मी वाचलं.

"तवा तुझी परीक्षा व्हती?"

त्या दोन महिन्यांत ते दोनशे ऐंशीच्या दोनशे ऐंशी भरून आले होते.

"नव्हती, काकू."

"मंग त्याला कुनी सांगितलं?"

"कुणीच नाही."

मग मी ड्रेसचंही सांगितलं. त्यांनी विचारलं, "कसल्या रंगाचा?" मी म्हणाले, मोरपंखी. त्या म्हणाल्या, "पुढच्या येळी घालून ये. बघू तरी."

त्याच आठवड्यात आम्ही दोघी मंचरला गेलो. पतसंस्थेतल्या क्लार्कने पुस्तक बघितलं आणि भल्याचं सांगावं तशा आवाजात सांगितलं, "आजी, एकदम भरून टाका. व्याज वाचंल." भरता आले असते. डॉक्टरांनी काकूंना थोडे पैसे दिले होते, आणि माझे स्कॉलरशिपचे पोस्टात होते. मी काकूंकडे पाहिलं.

"न्हाई," काकू म्हणाल्या. "म्हयन्याच्या म्हयन्याला."

"अहो, तोटा तुमचाच हाय."

"आसू दे. एकदम भरल्याव ही पोरगी कशाला येतीय म्हयन्याला?"

क्लार्कने पावती फाडली. तिच्यावर नाव सुदामकाकांचंच होतं. त्याने ते मोठ्याने वाचलं, खिडकीत सगळ्यांचीच नावं वाचतात तसं, आणि काकूंनी "व्हय" म्हटलं.

किसनतात्यांना काकूंनी सांगितलं आहे. ते माझ्याशी नीट बोलत नाहीत, त्यात त्यांची चूक नाही. सोपानभाऊंनी फक्त मान हलवली आणि चहा मागवला. वडिलांना अजून माहीत नाही. त्यांना वाचता येत नाही, म्हणून हे छापून आलं की मीच त्यांना वाचून दाखवणार आहे. पैसे लॉटरीत गेले नाहीत, मी सायन्सला गेले, एवढं तरी वस्तीत सगळ्यांना कळावं. त्या दिवशी तिथेच बोलायला हवं होतं, हेही.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी मी मोरपंखी ड्रेस घालून गेले. काकूंनी कापड चिमटीत धरून बघितलं, शिलाई बरी आहे म्हणाल्या, चहा ठेवला. सप्टेंबरचा हप्ता काकू शनिवारीच भरून आल्या होत्या, माझे शंभर मी त्यांच्या हाती दिले; सव्विसावी रेघ ऑगस्टमध्येच मारून झाली होती. बाटली खिडकीत होती, तिच्या गळ्याला दोऱ्याने निळी पेन्सिल बांधलेली. काकू म्हणाल्या, "खूण तू मार." मी सत्ताविसाव्या खाचेवर रेघ मारली. आता नऊ राहिल्या आहेत.

"वरचं ते 'परीक्षा' खोडू का?" मी विचारलं.

"कशाला? त्यानं लिवलंय, ऱ्हाऊ दे." त्या कपात चहा ओतत होत्या. "फक्त आता हितून पुढं खरं काय आसंल ते लिवत जा."

म्हणून त्या रेघेपुढे मी बारीक अक्षरात लिहिलं. काकू म्हणाल्या, वाच. मी वाचून दाखवलं, "शंभर मी, एकशे ऐंशी काकू. चहा झाला."